पी शून्य एक सात एक

उणे चौतीस.
बोनेटच्या दांडीला उघडा हात लावलास
तर कातडी तिथेच ठेवून जाशील,
हे ओत्गोला मी रोज सांगतो.
आज तो न सांगताच हातमोजे चढवून कोपऱ्यात उभा,
कारण गाडी होर्लो बाग्शची आहे.
बाग्श, म्हणजे शाळेतल्या बाई.
अपूर्णांकांत त्यांनी त्याला दोनदा नापास केलंय.

प्रियस. दोन हजार सातची, स्टिअरिंग उजवीकडे.
सुरू केली की अजून जपानीत काहीतरी विचारते.
उलानबातरमध्ये अशा हजारो गाड्या विचारत फिरतात,
कुणी उत्तर देत नाही.

डॅशबोर्डवर पिवळा दिवा.
स्कॅनर लावला: पी शून्य एक सात एक.
हवा जास्त, पेट्रोल कमी.
पोट दुखतंय म्हणणाऱ्या पोराइतकंच बोलतो कोड,
काय खाल्लंस, ते आपण विचारायचं.

आधी दोन गॅरेजं झाली होती.
एकाने ऑक्सिजन सेन्सर बदलला, दुसऱ्याने हवेचा,
दोघांनी कोड पुसून पैसे घेतले.
"फळा पुसला," बाग्श म्हणाल्या, "गणित तसंच."

मी आकडे वाचत बसलो.
इंजिन नुसतं धुगधुगत असताना चोवीस टक्के पेट्रोल जादा,
रेस केली की सहा.
म्हणजे हवेला कुठेतरी चोरवाट आहे,
श्वास बारीक असतो तेव्हाच जाणवणारी.
किती महिने हा संगणक
थोडं थोडं जास्त ओतत राहिला असेल,
दोन टक्के, पाच, अकरा,
हिशेब जुळवत, कुणाला न कळवता,
आणि ओतायची हद्द संपली
तेव्हा कुठे एक दिवा लावला.

कोड पडला त्या क्षणाचा गोठलेला उताराही आत असतो.
पाणी अठ्ठ्याऐंशी अंश.
वेग शून्य.
इंजिन सुरू होऊन एकेचाळीस मिनिटं.
कुठे, ते यंत्र लिहीत नाही.
मीही विचारलं नाही.

दुधाच्या पावडरचा डबा, डिझेलचा ग्लो प्लग, बेबी ऑइल:
हे माझं धुराचं यंत्र.
"अख्खं गाव धूर ओकतंय, आपण विकतचा करतोय," ओत्गो पुटपुटला,
बाग्शनी पाहिलं, आणि तो गप्प.
नळीतून धूर आत सोडला.
सगळे वाकलो.
आधी काहीच नाही.
मग इनटेकच्या खालून एक पांढरी रेघ,
सुई ओवताना हलावा तसा दोरा, वर आली.

इंजिनावर घातलेला लोकरीचा नमदा उचलला.
हिवाळ्यात इथे प्रत्येक जण घालतो, घोड्यावर घालावा तसा.
त्याच्या घडीत उंदराचं घर.
आरूलचे तुकडे, वाळक्या दह्याचे, दगडासारखे,
आणि कुरतडलेले चौकटीचे कागद.
एका चिठोऱ्यावर लाल शाईत अर्धा गुण,
दुसऱ्यावर 'पायऱ्या दा'.
शेजारीच रबरी नळी, दातांनी अर्धवट केलेली.

बाग्शनी चिठोरे हातमोज्यावर घेतले.
"डिकीत ठेवलेत गठ्ठे," म्हणाल्या.
"जूनमध्ये निवृत्त झाले."
मग बराच वेळाने, बोनेटकडे बघत,
"सकाळी फाटकासमोर थांबते थोडी. हीटर चालू असतो."
ओत्गोने पहिल्यांदाच हातमोजे काढले,
का ते त्यालाच ठाऊक.

नळी चौदा हजार तुगरिकची. काम वीस मिनिटांचं.
आकडा उतरत तीनवर येऊन थांबला.
मी कोड पुसायला बोट पुढे केलं.

"नको," त्या म्हणाल्या. "पटलं की आपण होऊन जाईल ना?"
जाईल. तीन फेऱ्या लागोपाठ धड गेल्या की
संगणक स्वतःच दिवा मालवतो.
"मग मला पायऱ्या बघू दे."

नमदा झटकून त्यांनी पुन्हा घातला.
उंदराचं काय, कुणी काढलं नाही.
गाडीने जपानीत तिचा प्रश्न विचारला
आणि बाग्श, पट्टा लावता लावता,
"हो," म्हणाल्या.

गुरुवारी ओत्गोच्या फोनवर एक फोटो आला.
डॅशबोर्ड, नुसता काळा.
खाली एकच ओळ: आता तू सोडव.
आणि एक अपूर्णांक.